हाचि-रोकु नव्हे, हाचि-गो

गेल्या ऑक्टोबरात कंपनीच्या कामाला सहा आठवडे जपानात होतो. गाव ओता. गुन्मा प्रांतातलं हे कारखान्यांचं गाव, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रविवार मोकळे असायचे. बरोबरची मंडळी सकाळच्या गाडीनं तोक्योला पळायची आणि रात्री पिशव्या भरून परत यायची. मी मात्र एका रविवारी उलट्या दिशेची गाडी धरली. इसेसाकीपर्यंत एक, तिथून दुसरी, पुढे तिसरी, असं करत शिबुकावाला उतरलो आणि इकाहोची बस पकडली. बसमध्ये मी सोडून सगळे साठीच्या पुढचे. ते गरम पाण्याच्या कुंडात बसायला निघाले होते, मी एक घाट बघायला.

घाटाचं खरं नाव हारुना. 'इनिशियल डी'मध्ये त्याचं आकिना झालंय. शुइची शिगेनो यांनी १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं ही चित्रकथा चालवली, तिचे ४८ खंड झाले. १९९८ मध्ये तिच्यावरून २६ भागांची अ‍ॅनिमे मालिका आली. ती माझ्यापर्यंत पोचली २००९ मध्ये, सांगलीच्या हॉस्टेलवर, कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून. इंग्रजी सबटायटल दोन सेकंद मागून यायची. म्हणजे पोरगं ओरडून गप्प झालं की मग खाली कळायचं ते काय ओरडलं. सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही पाच जणांनी ती तीन रात्रींत संपवली. त्या परीक्षेत माझा एक विषय राहिला, त्याला ही मालिका कारण नाही असं मी घरी सांगितलं होतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताकुमी फुजिवारा हा पेट्रोलपंपावर काम करणारा शाळकरी पोरगा. बापाचं टोफूचं दुकान. पोरगं सातवी-आठवीपासून पहाटे चारला गाडी घेऊन घाट चढतं आणि वरच्या तळ्याकाठच्या हॉटेलात टोफू टाकून येतं. बापानं गाडीत पाण्यानं भरलेला पेला ठेवलेला, पाणी सांडता कामा नये. पाच वर्षं रोज असं उतरल्यावर पोरगं काय झालं असेल ते ओळखा. त्याला स्वतःला मात्र पत्ता नाही. आपल्या घरच्या गाडीला लोक हाचि-रोकु, म्हणजे आठ-सहा म्हणतात, हेही त्याला माहीत नसतं.

ती गाडी म्हणजे टोयोटा स्प्रिंटर ट्रुएनो, एई८६. १९८३ ते १९८७ मधली. पांढरी-काळी, म्हणून पांडा. दिवे बोनेटमध्ये झाकलेले, बटण दाबलं की वर येणारे. १५८७ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, कागदावर १३० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत, आणि जोर मागच्या चाकांना. तेव्हा छोट्या गाड्या भराभर पुढच्या चाकांवर जात होत्या, म्हणून मागच्या चाकांची ही स्वस्त गाडी घाटातल्या पोरांनी उचलून धरली. ड्रिफ्टचा, म्हणजे वळणावर गाडी आडवी घसरवत नेण्याचा, बादशहा म्हणवला जाणारा केइइची त्सुचिया हीच गाडी चालवून नावारूपाला आला, आणि पुढे मालिकेतल्या ड्रायव्हिंगवर देखरेख करायलाही तोच होता. दारावर फुजिवारा टोफू दुकान असं लिहिलेलं. डिलिव्हरीची गाडी ती.

तर मुद्दा जोड्यांचा. शिगेनोंनी कुणाच्या हाती कुठली गाडी दिली ते बघत बसणं हा माझा जुना नाद. आणि ते काम त्यांनी लग्न जमवणाऱ्या जाणत्या मध्यस्थासारखं केलंय.

र्योसुके ताकाहाशी घ्या. डॉक्टरकी शिकणारा, घाटाचं गणित कॉम्प्युटरवर मांडणारा. त्याला पांढरी माझदा आरएक्स-७, एफसी मॉडेल. तिच्यात पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर फिरतात. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. इंजिन आकारानं लहान, म्हणून ते मागे सरकवून बसवता येतं आणि पुढचं-मागचं वजन जवळपास निम्मंनिम्मं पडतं. डोक्यानं चालवणाऱ्या माणसाला तोललेली गाडी. धाकटा भाऊ केइसुके तापट, त्याला त्याच घराण्यातली पुढची पिढी, पिवळी एफडी. इंजिन तेच, स्वभाव वेगळा. भावाभावांत असतं तसं.

नाकाझातोला निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२. काळी. २५६८ सीसी, दोन टर्बो, चारी चाकांना जोर. जाहीर आकडा २८० अश्वशक्ती, कारण त्याहून जास्त छापायचंच नाही असं जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. हा आधी निसानचीच सिल्व्हिया चालवायचा, आर३२ कडून मार खाल्ला आणि स्वतःच आर३२ घेतली. असा एक जण प्रत्येक कॉलेजात असतो, ज्यानं हरवलं त्याच्याच क्लासला जाऊन बसणारा. गाडी बेफाम, पण नाक जड. उताराला सगळा भार पुढच्या टायरांवर येतो, ते दमतात आणि गाडी वळणाच्या बाहेर जाऊ बघते. अहंकाराचंही वजन पुढंच असतं, असं आमचा एक रूममेट तेव्हा म्हणाला होता. त्याला आम्ही उशी फेकून मारली होती, पण वाक्य लक्षात राहिलं.

आणि उसुई घाटातल्या त्या दोघी. माको चालवते, सायुकी शेजारी बसून वळणं सांगते. त्यांच्याकडे सिलएटी, म्हणजे धड निसान १८०एसएक्सचं आणि तोंड सिल्व्हियाचं. हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. १८०एसएक्सचे उघडझाप करणारे दिवे कुठं आपटले की दुरुस्ती महाग पडायची. खालचा सांगाडा दोन्ही गाड्यांचा एकच, मग पोरं सिल्व्हियाचं तोंड आणून बसवायची. स्वस्त आणि हलकं. हा प्रकार इतका पसरला की १९९८ मध्ये अशा गाड्या चक्क तयार करून विकल्या गेल्या. दोन गाड्यांची मिळून एक गाडी, ती दोन मैत्रिणींनी मिळून चालवायची. इथं मी शिगेनोंना हात जोडले.

दुसरी एक प्रसिद्ध जोडी आहे, 'वांगान मिडनाइट' या चित्रकथेतला आकिओ आणि त्याची निळी फेअरलेडी झेड. भंगारात सापडलेली, आधीच्या मालकाचा जीव घेतलेली, आणि त्या मालकाचं नावही हेच. गाडी दिसते सुंदर, त्याबद्दल वाद नाही. पण मला भुताटकीची गाडी नको. मला भाजीला नेता येईल अशी हवी.

एवढं सगळं सांगितलं, पण माझी खरी आवडती जोडी यातली कुठलीच नाही. ती इत्सुकीची.

इत्सुकी म्हणजे ताकुमीचा वर्गमित्र, त्याच पेट्रोलपंपावरचा. गाड्यांचं वेड याला, गाडी चालवण्याचं अंग त्याला. इत्सुकी पै-पै साठवतो, हाचि-रोकु घ्यायचीच म्हणून. आणि घेतो एकदाची लेव्हिन. ट्रुएनोचीच बहीण, फक्त दिवे उघडे. मिरवत पंपावर आणतो. वरिष्ठ पोरं बोनेट उघडतात आणि पोट धरून हसायला लागतात. कारण ती ८६ नाहीच. ती ८५ आहे. हाचि-गो.

बाहेरून ओळखू येत नाही, हीच तर गंमत. अंग तेच, काचा त्याच. आत मात्र साधं १४५२ सीसीचं इंजिन, ८३ अश्वशक्ती. बाजारहाटाला बरी अशी. नावात फक्त शेवटचा आकडा एकानं कमी. एवढ्या एका आकड्यावर बिचाऱ्याची साठवलेली कमाई गेली, आणि तो तसाच उभा. चेहऱ्यावर हसू ठेवायचं की काढायचं ते कळत नाहीये. अ‍ॅनिमेमध्ये तोंडं साधी असतात, चार रेघांची. पण ते तोंड मी ओळखलं. ते माझंच होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी इस्लामपुराजवळच्या एका गावातून आरएक्स १०० घेतली होती. चौदा हजारांना. आत्याचे चार हजार, बाकी माझे. ९८ सीसी, दोन स्ट्रोक, ११ अश्वशक्ती. १९९६ साली बंद झालेली गाडी आणि तेव्हाही लोक तिच्या नावानं हळहळायचे. लाल टाकी, तिच्यावर ठसठशीत नाव. विकणाऱ्यानं किक मारली, धूर निघाला, आवाज ऐकला, आणि मी पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली. त्यानं फडकं घेतलं, इंजिनवरची ग्रीस पुसली, नंबर वाचला, परत एकदा पुसून वाचला.

"पावणं, टाकी शंभरची हाय," तो म्हणाला. "इंजान आरएक्सजीचं हाय."

आरएक्सजी वाईट गाडी नव्हे. सीसी उलट जास्तच. पण ती अ‍ॅव्हरेजसाठी बांधलेली, ती शंभरची उसळी तिच्यात नाही. गॅरेजवरची पोरं हसली नाहीत, एवढं मात्र त्यांचं सौजन्य. एकानं चहा सांगितला. त्या चहानं जास्त लागलं.

पुढं मालिकेत दोन टवाळ ड्रायव्हर इत्सुकीच्या ८५ ला घाटात हिणवतात. ताकुमी शांतपणे स्टिअरिंगमागे बसतो आणि त्याच मरतुकड्या गाडीनं उतारावर त्यांना गाठून मागे टाकतो. शेजारी इत्सुकी जीव मुठीत धरून किंचाळतोय. हॉस्टेलवर हा प्रसंग आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी कॉटवर उभा होतो. ८५ तीच, टायरही तेच. दुसऱ्या दिवशी मी आरएक्सजी घेऊन माधवनगरच्या रस्त्याला गेलो. काही झालं नाही. प्लग काळा पडून बंद पडली, ढकलत आणली.

असो. इकाहोच्या खाली योशिओकात खेळणी, बाहुल्या आणि मोटारींचं एक संग्रहालय आहे. मालिकेतलं टोफूचं दुकान ज्यावरून काढलं, ते शिबुकावातलं खरं टोफूचं दुकान रस्ता रुंदीकरणात की कशात पाडलं गेलं. त्याची पाटी या संग्रहालयात आहे, आणि समोर पांडा ट्रुएनो उभी. मी त्या गाडीपाशी बराच वेळ उभा राहिलो. ती फोटोत दिसते त्याहून फार लहान आहे. दारावरची अक्षरं माझ्या कमरेच्याही खाली. आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या मारुती व्हॅनशेजारी ती बुटकी दिसली असती. बाहेरच्या दुकानात छोट्या मॉडेल गाड्या मांडल्या होत्या: ट्रुएनो डझनभर, पिवळी एफडी, पांढरी एफसी, काळी स्कायलाइन. काउंटरवरच्या बाईंना मी बोटांनी आठ आणि पाच करून दाखवलं. त्यांनी हसून आठ आणि सहा करून दाखवलं. मी परत पाच. मग त्यांना कळलं, आणि त्या तोंडावर हात ठेवून खरोखर हसल्या. ८५ नव्हती.

दुपारी दुसऱ्या बसनं तळ्यापर्यंत चढलो. वळणं तीच, एकामागून एक केसाच्या आकड्यासारखी, आणि बसवाला ती एका हातानं काढत होता. रात्री शर्यती करणाऱ्यांना आवरायला जागोजागी डांबराचे उंचवटे केलेत. त्यावरून बस गेली की आजीबाई एकसुरात हं म्हणायच्या. तळ्याजवळ रस्त्यात खोबणी पाडलेला एक पट्टा आहे. ठरलेल्या वेगानं गाडी गेली की चाकांतून गाणं वाजतं. शर्यतीच्या वेगानं गेलं तर गाणं बिघडत असणार. पार्किंगमध्ये एक इताशा उभी होती, म्हणजे बोनेटपासून डिकीपर्यंत अ‍ॅनिमेतल्या पोरीचं चित्र चिकटवलेली. मालक पन्नाशीचा. टोपी घालून, थर्मासमधून चहा पीत, तळ्याकडं बघत बसला होता.

तेवढ्यात धाकट्या भावाचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला.

"दादा, गिऱ्हाईक आलंय. तुझ्या आरएक्सला पंच्याऐंशी हजार देतो म्हणतोय."

गाडी गोठ्याशेजारी पोत्याखाली आहे, बारा वर्षं झाली.

"नंबर बघितला का त्यानं इंजिनचा?"

"न्हाई. टाकी बघून फोटो काढायला लागलाय."

"आरएक्सजी आहे म्हणून सांग."

मागं बोलणं ऐकू आलं. मग फडक्याचा घासल्यासारखा आवाज. मग बराच वेळ काही नाही, नुसती म्हैस ओरडली.

"दादा, आता चाळीस म्हणतोय."

"मग राहू दे," म्हटलं. "पोतं नीट टाक वरनं."