बेसूर होता, तरीही

"गायक बेसूर होता, ड्रमर मध्येच घाई करत होता, तरी तोच कार्यक्रम सगळ्यात भारी कसा?" तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच लिहून टाकतो.

त्या रात्रीचं थेट साउंड मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग एका मित्राने मिळवलं. माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. गिटार जवळजवळ नव्हतीच! मी तावातावाने सांगितलं, की छोट्या हॉलमध्ये गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मुळातच दणदणत असतो, म्हणून साउंडवाला मिक्सरवर ती खाली ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये मग गायक एकटा उघडा पडतो. मित्र म्हणाला, "गिटार सोड. शेवटच्या कडव्यात सूर लागलाय?"

नव्हता लागला. वरच्या पट्टीत गायकाचा आवाज फाटला आणि त्याने माइक आमच्याकडे वळवला. रेकॉर्डिंगमध्ये त्या दोन ओळी रिकाम्या आहेत; लांबून कोणीतरी पुटपुटल्यासारखे आम्ही. हॉलमध्ये त्याच दोन ओळींना छप्पर उडायची वेळ आली होती. आता ह्यातलं खरं कुठलं?

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या 8 मे 1977 च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्यक्रमाला लोक डोक्यावर घेतात. त्यांच्या साउंड इंजिनिअर बेटी कँटर-जॅक्सन यांचं इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग हातोहात फिरलं नसतं, तर घेतलं असतं? उलट 1965 मध्ये शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांच्या किंकाळ्यांत बीटल्सना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. द्या मार्क!

मीही द्यायचो म्हणा. घरी आलो की वही काढून सूर, ताल, गाण्यांची निवड असे रकाने भरायचो. तो वहीवाला मी आज मित्राच्याच बाजूने बसला असता. वर विचारलं असतं, "भारावलास म्हणून चांगलं, तर मग वाईट कशाला म्हणायचं?"

माझं उत्तर तयार असतं: वादकांच्या कानात ताल धरायला क्लिकचा ठोका, मागे आधीच रेकॉर्ड केलेला कोरस, अल्बमबरहुकूम गाणी. तसला एक कार्यक्रम मी अर्ध्यात सोडून निघालो होतो. शेजारची मुलगी मात्र ढसाढसा रडत होती, आणि गर्दीतून वाट काढताना मी तिला धक्का दिला म्हणून वर माझ्यावर भडकली. ती चुकीची होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. मित्राला ही मुलगी मी सांगितलेली नाही. सांगणारही नाही.