शंभर डॉलरच्या आतला प्लेयर

२ नोव्हेंबर २००७, शुक्रवार. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात मी तेव्हा टीव्ही आणि होम थिएटरच्या विभागात कामाला होते. थँक्सगिव्हिंगच्या मोठ्या खरेदीला अजून तीन आठवडे अवकाश, म्हणजे एरवी गिऱ्हाईक तुरळक. पण त्या सकाळी वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ हा एचडी डीव्हीडी प्लेयर ९८ डॉलर ८७ सेंटला काढला आणि इतर दुकानांचीही पळापळ झाली. आमच्या साखळीने भाव शंभराच्या आत आणला. आम्ही शटर वर केलं तेव्हा बाहेर रांग लागलेली होती.

साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्राच्या दोन नव्या डिस्कांत तेव्हा चुरस होती: तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे. त्यात हा भाव किती अचाट होता, ते आज सांगून पटायचं नाही. एप्रिल २००६मध्ये तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेयर अमेरिकेत आला तो ४९९ डॉलरला. दोन महिन्यांनी सॅमसंगचा ब्लू-रे प्लेयर आला, तो ९९९ला. दोन्हींत निळसर-जांभळा लेसर, दोन्हींत चित्र तितकंच झकास, पण एकाची डिस्क दुसऱ्यात चालायची नाही. ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावायचे, एचडी डीव्हीडीत १५. उलट एचडी डीव्हीडीची घडण जुन्या डीव्हीडीच्या जवळची, त्यामुळे डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांना थोड्या फेरफारावर ती काढता यायची. सगळं स्वस्तात बसवायचं, हाच तोशिबाचा डाव होता. शिवाय ए२ हे मागचं मॉडेल. ए३ येऊन दाखल झालं होतं आणि जुना माल हलवायचा होता.

खोके आम्ही रॅकवर लावलेच नाहीत. गोदामातून खोके रचून आलेलं पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांचा पाट, तसंच रॅकांमधल्या वाटेत ठेवलं, प्लास्टिक फाडलं आणि लोक उचलू लागले. दुपारच्या आत पॅलेट रिकामं. त्या शनिवार-रविवारी देशभरात मिळून नव्वद हजारांच्या आसपास प्लेयर गेल्याचं पुढे बातम्यांत आलं. आमच्याकडची झुंबड पाहता मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

पण मला त्या दिवसातलं लक्षात राहिलंय ते वेगळंच. कॅश काउंटरला जायच्या वाटेवर सिनेमांचा रॅक होता. एचडी डीव्हीडीच्या डब्या लाल, ब्लू-रेच्या निळ्या. हातात प्लेयरचा खोका घेतलेली माणसं त्या लाल डब्यांसमोरून सरळ पुढे जात होती. कुणी एखादी डबी उचलायचं, मागची किंमत बघायचं, परत ठेवायचं. तोच सिनेमा साध्या डीव्हीडीवर जवळपास निम्म्या भावात पलीकडे मिळत होता. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ नुकताच एचडी डीव्हीडीवर आला होता, तेवढा खपत होता. बाकी रॅक संध्याकाळपर्यंत जवळजवळ जसाच्या तसा.

आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: ‘माझ्या जुन्या डीव्हीडी चालतील ना?’ चालायच्या, आणि छान चालायच्या. हा प्लेयर साध्या डीव्हीडीचं चित्र वाढवून एचडी टीव्हीवर बऱ्यापैकी स्वच्छ दाखवायचा. शंभर डॉलरच्या आत एवढा चांगला डीव्हीडी प्लेयर दुसरा नव्हता. लोकांनी तेच ओळखलं होतं. त्यांच्या लेखी ते कोणत्याही युद्धात भाग घेत नव्हते. घरच्या डीव्हीडींसाठी बरं मशीन घेत होते.

सकाळच्या गर्दीतच एक मराठी काका आले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून थेट मराठीतच सुरू झाले.

‘काय गं, हे घेऊ की ते निळंवालं घेऊ?’

‘काका, तुमच्याकडे प्लेस्टेशन आहे का? मुलाकडे वगैरे?’

‘नातवाला दिवाळीला घेऊन द्यायचंय म्हणतोय मुलगा.’

‘प्लेस्टेशन ३ घेणार असतील तर त्यात ब्लू-रे असतंच. वेगळं काही नको.’

‘मग हे?’

‘जुन्या डीव्हीडी बघायला हवं असेल तर खुशाल घ्या. पण याच्यासाठी सिनेमे साठवू नका, एवढंच सांगते. पुढे कोण टिकेल, आज कुणालाच ठाऊक नाही. आणि पुण्याहून आणलेल्या नाटकांच्या डीव्हीडी यावर चालतीलच असंही धरू नका. डीव्हीडीवर जगातल्या कुठल्या भागासाठी ती आहे याची खूण असते, आणि दुसऱ्या भागाची खूण असलेली डीव्हीडी इथली मशीनं वाचत नाहीत.’

काका थोडे हिरमुसले. खोक्यात पाच सिनेमे फुकट मिळायची योजना होती. कुपन भरून टपालाने पाठवायचं. ती त्यांनी दोनदा वाचली आणि खोका घेतला. माझं म्हणणं इतकंच की काउंटरवरच्या माणसाने एवढं बोललंच पाहिजे. कंपन्यांच्या भांडणात पैसे गिऱ्हाइकाचे बुडतात, आणि त्याच्याशी समोरासमोर बोलणारा शेवटचा माणूस म्हणजे आम्ही.

संध्याकाळी आमचा मॅनेजर खुशीत होता. शंभराच्या खाली आलं की घरोघर जातं, हा त्याचा ठाम हिशेब. डीव्हीडीचं तसंच झालं होतं, हे खरंच. चिनी कारखान्यांची स्वस्त मशीनं मोठ्या दुकानांत आली आणि व्हीएचएसच्या कॅसेट मागे पडल्या. पण डीव्हीडीच्या वेळी स्टुडिओ सगळे एकाच बाजूला आले होते. मशीन कुठलंही घ्या, सिनेमा हमखास मिळायचा. इथे युनिव्हर्सल, आणि त्याच ऑगस्टपासून पॅरामाउंट, फक्त लाल डबीत, सोनी, डिस्ने, फॉक्स फक्त निळ्या डबीत, वॉर्नर दोन्हींत. अशा वेळी स्वस्त मशीन माणसाला दारापर्यंत आणतं, पण स्टुडिओ बघतो ते डिस्कांचा खप. आणि तिथे २००७भर ब्लू-रे साधारण दुपटीने पुढे होतं. प्लेस्टेशन ३ घेणाऱ्या पोरांना ब्लू-रे गेमबरोबर आपसूक मिळालं होतं आणि ती पोरं डिस्क विकतही घेत होती.

दुकानदारांचं गणित त्याहून सरळ. रॅकची जागा मोजकी. एकाच सिनेमाच्या साधी डीव्हीडी, लाल आणि निळी अशा तीन डब्या ठेवायच्या, म्हणजे तिप्पट जागा अडवायची आणि गिऱ्हाईक तरी गोंधळलेलंच. जून २००७मध्ये सिनेमे भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टरने आपल्या १,४५० दुकानांत ब्लू-रेच ठेवायचं ठरवलं होतं. त्यानंतर टार्गेटने आपल्या दुकानांत ब्लू-रेचेच प्लेयर मांडले. रॅकवर काय लावायचं याचा आमचा नकाशा मुख्य कार्यालयातून कागदावर यायचा, कुठली डबी कितव्या फळीवर इथपर्यंत. त्या कागदावर लाल पट्टा आक्रसायला लागला, तेव्हाच मला निकाल दिसू लागला.

पुढचं सगळं भराभर झालं. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषद रद्द झाली. तोशिबाने पुन्हा भाव पाडले, ए३ दीडशेवर आणला; आमच्याकडे खोके पुन्हा खपले. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स, जे तेव्हा टपालाने डिस्का भाड्याने द्यायचं, ब्लू-रेकडे गेलं, त्याच दिवशी बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने गिऱ्हाइकांना ब्लू-रेच सुचवायचं ठरवलं. १५ तारखेला वॉलमार्टने सांगितलं की जूनपासून आमच्या दुकानांत फक्त ब्लू-रे. ज्या दुकानाने नोव्हेंबरात तो शंभरच्या आतला भाव लावला, त्यानेच साडेतीन महिन्यांत लाल डबीला दार बंद केलं. चार दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, तोशिबाने माघार घेतली.

त्या आठवड्यात रोज कुणी ना कुणी पावती घेऊन यायचं. परत घ्यायची मुदत केव्हाच उलटलेली. काही जण चिडलेले, बरेच जण नुसते विचारत होते की आता हे बंद पडणार का. बंद पडणार नाही, मशीन चालेल तोवर आहेत त्या डिस्का चालतील आणि जुन्या डीव्हीडीही दिसतील, हे मी समजावून सांगायचे. बेस्ट बायने पुढे एचडी डीव्हीडी प्लेयर घेतलेल्यांना ५० डॉलरची गिफ्ट कार्डं दिली. ते योग्यच केलं, असं मला आजही वाटतं. आमच्याकडे तसं काही निघालं नाही. लाल डब्या मात्र उतरत्या भावात निघाल्या आणि ज्यांनी नोव्हेंबरात प्लेयर नेला होता, त्यांतले कितीतरी जण तेव्हा पहिल्यांदा सिनेमे घ्यायला आले. पिशव्या भरभरून नेले त्यांनी.