अटलांटाचा विमानतळ आणि छोट्या ठेकेदाराची पत

अटलांटाला येणारा पाहुणा ज्या विमानतळावर उतरतो, त्याच्या नावातील ‘जॅक्सन’ म्हणजे मेनार्ड जॅक्सन. १९७४ मध्ये ते या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. तेव्हा शहराची निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती, पण पालिकेच्या कामांपैकी एक टक्काही त्यांच्या कंपन्यांच्या वाट्याला येत नव्हते. विमानतळाच्या विस्तारात पंचवीस टक्के काम कृष्णवर्णीयांसारख्या अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळालेच पाहिजे, अशी अट जॅक्सन यांनी घातली आणि बड्या उद्योजकांच्या तीव्र विरोधानंतरही ती सोडली नाही. नवे टर्मिनल १९८० मध्ये सुरू झाले.

मी येथे बांधकामांची अंदाजपत्रके तयार करते, त्यामुळे पुढची अडचण मला रोज दिसते. सरकारी काम घ्यायचे तर मुख्य ठेकेदाराला ते पूर्ण करण्याची आणि मजूर व माल पुरवणाऱ्यांचे पैसे चुकते करण्याची हमी, म्हणजे बॉण्ड, द्यावा लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मोठ्या कामांसाठी हा कायदा १९३५ पासून आहे. बॉण्ड देणारी कंपनी आधीची कामे, बँकेतील शिल्लक आणि मालकाची घरदार-मालमत्ता पाहते. ज्या वस्त्यांना बँकांनी कित्येक दशके गृहकर्जच नाकारले, तेथील कुशल गवंड्याच्या मुलाने तारण म्हणून काय दाखवावे? बॉण्ड नाही म्हणून मोठे काम नाही, आणि मोठे काम केलेले नाही म्हणून बॉण्ड नाही. त्यातच मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, बिल मात्र दोन-दोन महिने निघत नाही आणि त्यातूनही काही रक्कम काम संपेपर्यंत रोखलेली असते. माझ्या ओळखीचे एक कृष्णवर्णीय पोटठेकेदार याच कारणाने हातातील चांगली कामे सोडून देतात. त्यांच्या कामात मला आजवर खोट आढळलेली नाही, आणि म्हणूनच हे पाहताना फार वाईट वाटते.

या कोंडीतून बाहेर पडलेल्यांपैकी हर्मन रसेल यांचा मला विशेष आदर वाटतो. गिलावा करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या या माणसाने सोळाव्या वर्षी जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर दुघरी इमारत बांधली आणि १९५२ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पुढे मोठ्या कंपन्यांबरोबरच्या भागीदारीतून तिने जॉर्जिया डोम या स्टेडियमसारखी कामे केली. माझ्या मते खरा उपाय या भागीदारीतच आहे, कारण तिच्यामुळे छोट्या कंपनीच्या नावावर मोठ्या कामाचा अनुभव लागतो आणि पुढचा बॉण्ड मिळणे सोपे जाते.

राखीव वाट्याचा मार्ग १९८९ नंतर अरुंद झाला. रिचमंड शहराने अल्पसंख्याकांच्या कंपन्यांसाठी घातलेली तीस टक्क्यांची अशीच अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि वंशाधारित वाटा ठेवण्यापूर्वी भेदभावाचे ठोस पुरावे मांडणे शहरांना भाग पडले. आपल्याकडे सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आणि मजूर सहकारी संस्थांसाठी छोटी कामे राखून ठेवतात, हे मी त्या पोटठेकेदारांना सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आणि बिल किती दिवसांत निघते?”