अंकली ते आळंदी, अश्वांच्या चालीनं

आषाढी वारी आळंदीतून निघते असं आपण म्हणतो. पण माउलींचे अश्व त्याआधी दहा-अकरा दिवस चालत असतात, तेही चिकोडी तालुक्यातल्या अंकलीतून. जिल्हा बेळगाव, गाव कृष्णाकाठचं. शितोळे सरकारांच्या वाड्यातून हिरा-मोती हे दोन अश्व बाहेर पडतात आणि आम्ही मागून चालू लागतो.

या आडगावाकडे हा मान कसा आला? उत्तर ग्वाल्हेरीत आहे. महादजी शिंद्यांची लेक बाळाबाई शितोळ्यांकडे दिलेली. पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकरही शिंद्यांच्याच चाकरीतले सरदार. १८३२ मध्ये त्यांनी माउलींची पालखी तुकोबांच्या पालखीपासून वेगळी काढली, तेव्हा अश्व शितोळ्यांनी दिले. पुढे १९५६ साली अंकली म्हैसूर राज्यात गेली. अश्वांची वाट तीच राहिली.

गाव सोडलं की लगेच कृष्णा. पलीकडे मांजरी. थोडं वर कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते, म्हणून इथं कोयना आणि काळम्मावाडी, दोन्ही धरणांचं पाणी येतं. कल्लोळ-यडूरचा बंधारा-पूल बुटका, पावसाळ्यात दरवर्षी पाण्याखाली जातो. अंकली-मांजरीचा पूल उंच. ज्येष्ठात नदीला सहसा पूर नसतो, तरी वाट याच पुलावरून. दोन्ही काठांना काळी माती आणि ऊस. वळवाचा पाऊस होऊन गेला असेल तर रस्त्याची कड सोडून चालू नका, चपलेला किलोभर चिखल चिकटतो.

मांजरी, कागवाड, म्हैसाळ, मग मिरजेचा मुक्काम. या टप्प्यात दारातली आजी आत कन्नडमध्ये हाक देते, ‘कुदरी बंद्वु री’ (घोडे आले हो), आणि ओवाळताना ‘माउली, माउली’ म्हणते. दोन भाषा एका ताटात.

एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा रिकामा, त्यावर माउली. रिकाम्या अश्वाच्या पाठीवरचं वस्त्र दर थांब्याला उचलून झटकायचं. खाली एक सुरकुती राहिली तरी घामानं कातडी सोलते.

खरी काळजी खुरांची. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी २७ ते ३०, आणि बहुतेक डांबरावर. म्हणून चाल पहाटेची. उन्हात डांबर तापलं की घोडा पाय आखडता घेतो. गावोगाव लोक श्रद्धेनं पायांवर तांब्यानं पाणी घालतात. खूर सारखा भिजला-वाळला की मऊ पडतो, खिळे ढिले होतात, नाल वाजायला लागतो. तो खडखडाट ऐकू आला की तिथंच थांबायचं. अर्धा किलोमीटर पुढं जाऊन बघू म्हटलं तर नाल निघतो आणि खुराचा तुकडा सोबत नेतो.

दुसरं संकट पेढ्यांचं. पेढे, गूळ, केळी, प्रत्येकाला भरवायचं असतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट धरलं की धरलंच. तो खाली बसतो, वळून कुशीकडे बघतो. म्हणून भिजवलेला हरभरा आणि कडबा, बाकी नैवेद्य माणसांनी खावा. भाविक रागावतात, रागावू द्यावं.

सांगलीचा पूल, इस्लामपूर, पेठनाका, कऱ्हाड, सातारा, भुईंज. पेठनाक्यापुढे महामार्ग लागतो आणि हॉर्नमुळे चालण्यातली मजा जाते. तिथं अश्व कडेला आणि माणसं गाड्यांच्या बाजूनं, एवढं पाळायचं. पुण्यात शिरण्याआधी चारही पायांचे नाल पुन्हा बघून घ्यायचे, कारण आळंदीनंतर याच पायांना रिंगणात धावायचं असतं.