टिटवी, नोंद ९: नाळेवरची क्लीट आणि अडकलेले नट

टिटवी या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोर बांधायची क्लीट आहे. गेल्या नोंदीत लिहिलं होतं की क्लीटखालचा कुजका प्लाय निघाला, आता बोल्ट आवळले की झालं. त्या आवळण्यातच दोन रविवार गेले.

आधी जमलेलं सांगतो. चारही भोकं ८ची १४ मिमी केली, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून फायबरच्या दोन थरांमधला प्लाय आत कोरला, नीट वाळू दिला आणि सिलिका घातलेलं इपॉक्सी भरलं. त्यातून पुन्हा भोक पाडताना कोरडा, पांढरा भुगा आला. पावसाळ्यात इथूनच तपकिरी पाणी ठिबकत होतं, त्यामुळे तो भुगा मी बराच वेळ बोटांत चोळत बसलो. भोकाच्या तोंडाशी काउंटरसिंक मारलाय, म्हणजे तोंड तिरकं रुंद केलंय, त्यामुळे पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप तिथे बोल्टभोवती कड्यासारखी दाबून बसते. सिलिकॉनच्या वाटेला मी आता जात नाही.

घोडं अडलं नटांपाशी. एम ८चे स्टेनलेस बोल्ट, नटही स्टेनलेस नायलॉक, म्हणजे सैल होऊ नयेत म्हणून आत नायलॉनचं कडं असलेले. पहिले दोन घट्ट बसले. तिसरा वॉशरपासून चार आटे दूर असतानाच जाम. ना पुढे, ना मागे. चौथ्याचीही तीच गत. आटे तिरके पडले नव्हते, गंजही नव्हता. स्टेनलेसवरचा ऑक्साइडचा पातळ थर दाबाखाली घासून निघतो आणि उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो. मी इम्पॅक्ट ड्रायव्हरने भरभर फिरवलं, त्यात नायलॉनच्या कड्याचं घर्षण आणि आटे कोरडे. बोल्टांचे आटेही खडबडीत होते. दुकानदाराने ३१६, म्हणजे खाऱ्या पाण्यात ३०४पेक्षा जास्त टिकणारं स्टेनलेस, सांगून दिले, पण चुंबकाने ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत. ३१६मध्ये मोलिब्डेनम असतं, ते ओळखणारे थेंब मिळतात, पुढच्या खरेदीला ते खिशात असतील.

ग्राइंडर लावला असता तर उष्णतेने ताजं इपॉक्सी मऊ पडलं असतं. म्हणून हॅकसॉचं नुसतं पातं फडक्यात धरून, नांगराच्या कप्प्यात आडवा होऊन दोन्ही बोल्ट कापले. नव्या बोल्टांना अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारं वंगण, लावलं. धाकट्या भावाने वरून पान्याने डोकं धरलं, मी खालून फक्त नट हळूहळू फिरवला. बोल्ट फिरला नाही, त्यामुळे टेपही पिळवटली नाही. डेकखालच्या जी-१०च्या (टणक फायबरग्लासच्या) पट्टीवर दोन्ही नट काय सुरेख बसले!

मूरिंगच्या, म्हणजे होडी पाण्यात बांधून ठेवायच्या साखळीच्या, शॅकलची (जोडकडीची) पिन मात्र जीआय तारेनेच बांधली आहे. शॅकल गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली आहे, खाऱ्या पाण्यात स्टेनलेस तार तिचं जस्त लवकर संपवते. जीआय तार झिजते, पण दर महिन्याला बदलणं परवडतं.

या उधाणाला टिटवी रेवदंड्याच्या खाडीत उतरवायची, असं इथवर ठरलेलं होतं. पण लिहिता लिहिता पहिल्या दोन नटांचं मनात आलं. तेही कोरडे आणि इम्पॅक्टनेच फिरवलेले. ते घट्ट लागतात ते पट्टी दाबल्यामुळे, की आटे चिकटल्यामुळे? आत्ताच टॉर्च घेऊन पाहून आलो: नव्या दोन बोल्टांभोवती ब्यूटाइल चांगलं बाहेर आलंय, जुन्या दोघांभोवती जवळजवळ नाहीच. म्हणजे तेही कापायचे. हे उधाण सोडलं. आता भांगात, म्हणजे भरती कमी असते त्या दिवसांत, काम उरकतो आणि पुढच्या उधाणाला उतरवतो.