उघड्या टपाने गोवा: चार दिवस, एक पाऊस आणि हरवलेलं बूच

आमची महिंद्रा थार कापडी टपाची. घेतली तेव्हा कोल्हापुरात प्रत्येकाने विचारलं, "पावसाळ्यात काय करणार?" पावसाळ्याचं काही नाही, तेव्हा टप बंदच असतो. खरी परीक्षा गोव्यात झाली, तीही नोव्हेंबरात, सगळे "आता ऊनच" म्हणत असताना. मी, बायको आणि मेहुणा. मुक्काम फोंड्याला आत्याकडे.

आधी टप उघडायचा म्हणजे काय ते सांगतो, कारण जाहिरातीत तो आपोआप उघडल्यासारखा दिसतो. ऑडीच्या ए-थ्री कॅब्रिओलेचं छप्पर बटण दाबलं की 18 सेकंदांत उघडायचं. थारला मेहुणा लागतो. आधी बाजूच्या आणि मागच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या चेन उघडून काढायच्या, मग पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवरच्या कड्या सोडायच्या आणि टप मागे घडी करायचा. दोघं असतील तर दहा मिनिटं. एकटा असाल तर वीस, शिवाय शिव्या वेगळ्या.

पहाटे साडेचारला निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. आंबोलीत धुकं होतं आणि मेहुण्याला तिथेच टप उघडायची हुक्की आली. उघडला, पण खिडक्या गुंडाळून ठेवायला निघाला तेव्हा थांबवलं. गारठ्यात ते प्लॅस्टिक पापडासारखं कडक होतं, गुंडाळलं तर तडकतं. या खिडक्या नेहमी सपाट ठेवायच्या, दोन्हींच्या मध्ये टॉवेल घालून. आणि आंबोलीत उघड्या गाडीत खाऊ ठेवून चहाला जाऊ नका. आमची शेंगदाण्याच्या चिक्कीची पिशवी माकडाने इतक्या सराईतपणे नेली की तो रोज हेच करत असणार.

बांद्याहून पत्रादेवी-म्हापसा-पर्वरी हा सरळ रस्ता सोडला आणि दोडामार्ग, डिचोली, माशेल, बाणस्तारी करत फोंडा गाठलं. एरवी म्हापशावरूनच गेलो असतो, पण पर्वरीला उड्डाणपुलाचं काम चालू होतं. बंद गाडीत अशी धूळ काचेवर बसते, उघड्या गाडीत ती दातांत येते.

आत्याने स्वागत केलं ते असं: "माडाखाली लावलीस? नारळाला डोळे असतात, माणसावर पडत नाही म्हणतात. गाडीचं मात्र कोणी काही म्हटलेलं नाही." गाडी हलवली. कापडी टपाला नारळ म्हणजे थेट आत. आंब्याखालीही नको, चीक पडतो. कावळ्याची विष्ठा तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवायची, वाळली की कापडावर डाग राहतो.

दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच या सहलीची कमाई. साडेसहाला उघड्या टपाने निघालो. बांदोडे, कवळे, म्हार्दोळ, मंगेशी. वेग तीसच्या वर नाही. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा, देवळातली घंटा, कुठेतरी खोबरं भाजल्याचा वास, सगळं गाडीत येत होतं. बंद गाडीतून हाच रस्ता मी दहादा गेलोय आणि मला काही आठवत नाही. म्हणून माझं मत असं झालंय की उघड्या गाडीसाठी गोव्याची किनारपट्टी नव्हे, आतला भाग आहे. सावलीचे, वळणाचे, चाळीसच्या आतले रस्ते. हमरस्त्यावर साठच्या पुढे बोललेलं ऐकू येत नाही आणि सगळा वारा मागच्या सीटवर आदळतो. मेहुण्याची टोपी बोरीच्या पुलावरून जुवारीत गेली. टोपी नको, रुमाल बांधा, गाठ हनुवटीखाली. बायको पहिल्यापासून हेच सांगत होती.

उघडायच्या वेळाही ठरवून घ्या. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळेत नोव्हेंबरातही कपाळ सोलवटतं आणि पट्ट्याचं धातूचं टोक चटका देतं. दुपारी टप लावा, एसी लावा, लाज वाटू देऊ नका.

आता पाऊस. त्याच दुपारी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. निघताना मी "ओझं कशाला" म्हणून प्लॅस्टिकच्या खिडक्या आत्याच्या पडवीत ठेवल्या होत्या. हा मूर्खपणा माझा एकट्याचा. दिवाडीचे रस्ते सुंदर आहेत, दोन्ही बाजूंना शेतं, पुढे पिएदादची टेकडी. परतताना फेरीत मधोमध गाडी, हँडब्रेक ओढलेला, पुढेमागे स्कूटर, आणि मांडवीवरून पावसाची सर चालत आली. अक्षरशः चालत येताना दिसली. टप ओढून कड्या लावल्या, पण बाजू उघड्या. स्कूटरवाले रेनकोट घालून आमच्याकडे बघत होते. त्यातल्या एकाने बायकोला छत्री दिली. गाडीत बसून छत्री धरलेली बाई दिवाडीकरांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

तेव्हा नियम एकच: खिडक्या कायम गाडीत. नाहीतर टप उघडूच नका.

भिजल्यानंतर काय करायचं हे जास्त महत्त्वाचं, कारण गोव्याच्या दमट हवेत ओलं कापड घडी करून ठेवलं की बुरशी धरलीच म्हणा. ओला टप कधीही घडी करायचा नाही. पूर्ण ताणून लावायचा आणि तसाच सुकू द्यायचा, म्हणजे सुरकुत्याही पडत नाहीत. मॅट काढून पडवीत टाकल्या, सीटच्या खाली वर्तमानपत्रं कोंबली, आत्याचा टेबलफॅन रात्रभर दारातून आत सोडला. थारच्या तळाला मॅटखाली पाणी जायला बुचं असतात, ती काढली. भरपूर पाणी निघालं. बुचं मात्र मी "इथेच कुठेतरी" ठेवली.

तिसऱ्या दिवशी मडगावहून करमलचा घाट उतरून काणकोण, आगोंद आणि येताना काब द रामचा किल्ला. करमलच्या घाटात टप उघडा हवाच, दोन्हीकडून झाडं रस्त्यावर वाकलेली आहेत. पण किल्ल्याजवळच्या एका कच्च्या वाटेवर मेहुणा म्हणाला, "दाजी, धूळ खालून येतेय." वरून येते ती माहीत होती. बघतो तर एक बूच लावायचंच राहिलेलं आणि भोकातून लाल मातीचं कारंजं. बायकोची पांढरी ओढणी आता कायमची गुलाबी आहे.

आगोंदला एका हॉटेलवाल्याने "सगळे उतरवतात, तुम्हीपण वाळूत घाला गाडी" असं सुचवलं. घालू नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं गुन्हा आहे, आणि ते सोडलं तरी भरती कुणाच्या फोर-व्हीलला विचारत नाही. सीटवर उभं राहून हात पसरायचा फोटोही नको. पोलीस पकडतील ते पकडतील, एका ब्रेकला माणूस बॉनेटवर असतो.

वाळूत न जाताही खारी हवा गाडीत शिरते, आणि उघड्या गाडीत ती आतल्या बाजूनेही बसते. सीटचे रूळ, पट्ट्यांचे बोल्ट, टपाच्या बिजागऱ्या आणि कड्या, गंज इथून सुरू होतो. रोज रात्री ओल्या फडक्याने आतून पुसायचं, कोरड्याने नाही. खालून गोड्या पाण्याने धुवायचं. टपावर प्रेशरचं पाणी मारायचं नाही, शिवणीतून आत जातं. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. प्लॅस्टिकच्या खिडक्यांवर आधी पाणी ओतायचं, मग फडकं फिरवायचं. कोरडी धूळ पुसलीत की ओरखडे आले, आणि घरातलं काच पुसायचं अमोनियाचं औषध लावलंत तर त्या दुधाळ होतात. चेन मिठाने अडकली तर जोर लावू नका, दात तुटतो आणि अख्खी पट्टी बदलावी लागते. पाण्याने धुवा, सुकू द्या, दातांवर मेणबत्ती घासा. रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचा स्प्रे, तेल किंवा ग्रीस नाही.

रात्री गाडीत काही ठेवायचं नाही. कुलूप दाराला असतं, चेनला नाही. कागदपत्रं, चार्जर, गॉगल सगळं खोलीत.

स्वतःची गाडी न आणता तिथे भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, अडवलं की खोळंबा तुमचा. नुसतं "थार हवी" म्हणू नका, न उघडणाऱ्या टपाची हातात येईल. पाच दारांची रॉक्स आली तरी निराशा होईल, तिला कापडी टप नाहीच. ताब्यात घेताना मालकासमोर टप एकदा उघडून बंद करून दाखवायला सांगा, खिडक्या मोजा, चेन चालवून बघा आणि मोबाइलवर शूट करा. ज्याला स्वतःच्या गाडीचा टप बंद करता येत नाही त्याची गाडी घेऊ नका.

परतताना साखळी, चोर्ला, जांबोटी, बेळगाव. चोर्ल्यात शेवटचा टप उघडला. बेळगावनंतर हमरस्त्याला बंद केला, तिथे ऐंशीच्या पुढे कापड फडफडत राहतं. त्याला इलाज नाही, गाणी मोठी लावायची.

बुचाचं राहिलं. ते शेवटपर्यंत सापडलं नाही. निघायच्या दिवशी काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, भोकाचा आकार बोटाने बघितला, आत गेले आणि सर्दीला चोळायला ठेवलेल्या फेणीच्या बाटलीचं बूच सुरीने तासून घेऊन आले. चपखल बसलं. नवीन रबरी बूच मागवायचं आहे, पण अजून झालेलं नाही. ऊन लागलं की गाडीत काजूचा वास सुटतो आणि सर्व्हिसिंगवाला दर वेळी माझ्याकडे संशयाने बघतो.