एसक्यूएल सर्व्हर टाकताना सर्व्हिस अकाउंट कुठलं द्यायचं

एसक्यूएल सर्व्हर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर, आणि सर्व्हिस अकाउंट म्हणजे विंडोजमध्ये ते ज्या युजरच्या नावावर चालतं ते. त्याच्या सेटअपमध्ये सर्व्हर कॉन्फिगरेशनची स्क्रीन येते बघा, एका बाजूला डेटाबेस इंजिन, एजंट (ठरल्या वेळची कामं चालवणारी सर्व्हिस) अशी नावं आणि समोर अकाउंट. तिथं लोक दोनच गोष्टी करतात, एकतर न वाचता नेक्स्ट, नाहीतर ॲडमिनिस्ट्रेटर टाकून मोकळे. आणि गंमत म्हणजे या दोघांत न वाचता नेक्स्ट मारणाराच बरोबर असतो.

कारण २०१२ च्या व्हर्जनपासून सेटअप स्वतःच प्रत्येक सर्व्हिसला वेगळं व्हर्च्युअल अकाउंट, म्हणजे विंडोज स्वतःच सांभाळतं असं अकाउंट, देतंय, नाव असतं एनटी सर्व्हिस आणि पुढं सर्व्हिसचं नाव. पासवर्ड नाही, एक्स्पायरी नाही, आणि हक्क तेवढेच जेवढे त्या सर्व्हिसला लागतात. एकच मशीन असेल, बाहेरच्या कशाला हात लावायचा नसेल तर तेच राहू द्या, उगाच शहाणपणा नको.

आता ॲडमिनिस्ट्रेटरवाल्यांचं सांगतो. इथं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ईआरपीवाल्यांचा, म्हणजे कारखान्याचा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा, पोरगा फोनवरून सांगत होता, "साहेब, ॲडमिनिस्ट्रेटरच द्या की, परमिशनची कटकट नको." दिलं त्यांनी. पुढं कुणीतरी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलला आणि काहीच झालं नाही, कारण चालू असलेल्या सर्व्हिसला त्याचा पत्ताच लागत नाही, ती पासवर्ड विचारते नव्यानं सुरू होताना. मग एका दुपारी लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर परत चालू केला तर एरर १०६९, लॉगऑन फेल्युअर, आणि गेटवर माल भरलेला टेम्पो, चलन निघेना. सगळे डेटाबेस करप्ट झाला म्हणून बोंबलत होते, डेटाबेस बिचारा ठणठणीत होता.

पण खरी भीती ही नाहीच. एक्सपी कमांडशेल नावाचा प्रकार आहे, बाय डिफॉल्ट बंद असतो, पण ज्याच्या हातात एसए, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचा सर्वाधिकारी लॉगिन, लागला तो दोन ओळीत चालू करू शकतो, आणि मग विंडोजच्या कमांड चालतात त्या सर्व्हिस अकाउंटच्या नावावर. तिथं लोकल सिस्टिम (विंडोजचं सगळे हक्क असलेलं अंगभूत अकाउंट) किंवा ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर फक्त डेटाबेस नाही, अख्खं मशीन गेलं. डोमेन ॲडमिन, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर हक्क असलेलं अकाउंट, असेल तर विषयच संपला. फक्त गोडाऊन उघडणाऱ्या माणसाच्या हातात कारखान्याचा सगळा जुडगा कोण देतं का?

अडचण येते ती बॅकअपला. बॅकअप नेटवर्कवरच्या शेअरवर, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरवर, टाकायला गेलं की ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड, आणि तिथंच लोक वैतागून ॲडमिनिस्ट्रेटरकडं पळतात. व्हर्च्युअल अकाउंट नेटवर्कवर जाताना मशीनच्या नावानं जातं, नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. डोमेन, म्हणजे सगळ्या मशीन आणि युजर एकाच मुख्य सर्व्हरला (डोमेन कंट्रोलरला) जोडलेले, असेल तर शेअरवर आणि फोल्डरवर त्या मशीनच्या नावाला राइटचा हक्क द्या, झालं काम. वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक मशीन आपापले युजर सांभाळणारं, असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसात तेच असतंय, तर समोरचा बॉक्स त्या मशीनला ओळखतच नाही. मी अशा ठिकाणी बॅकअप लोकल डिस्कवर घेतो आणि टास्क शेड्युलरमधून (विंडोजमधलं ठरल्या वेळी काम चालवणारं साधन) वेगळ्या साध्या युजरनं पलीकडं कॉपी करतो, सर्व्हिसला हातच लावत नाही.

दोन-तीन सर्व्हर आणि डोमेन असं मोठं काम असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट, म्हणजे जीएमएसए, घ्या. विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. त्याचा पासवर्ड डोमेन कंट्रोलरच सांभाळतो, नेहमीच्या सेटिंगला दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो, माणसाला माहीतच नसतो त्यामुळं तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवायचा प्रश्नच नाही.

एजंटला आणि इंजिनला एकच अकाउंट देऊ नका. एसक्यूएल सर्व्हरची ब्राउझर सर्व्हिस लोकल सर्व्हिस नावाच्या कमी हक्कांच्या अंगभूत अकाउंटवर असते, ती तशीच असू द्या.

आणि नंतर अकाउंट बदलायचं झालं तर विंडोजच्या सर्व्हिसेसमधून नाही, एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदला. तो फोल्डर, रजिस्ट्रीचे हक्क नव्या अकाउंटसाठी लावून देतो, साध्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून ते होत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट होणार, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत करा, बिलिंग चालू असताना केलं तर अकाउंटवाल्या मॅडम सोडणार नाहीत.